गोट्यांचा किनारा



इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत हॉलसँड्स नांवाचें कोळ्यांचें खेडें होतें. घरांपुढें गोट्यांचा रुंद किनारा. लाटेचा जोर त्यांतच जिरे. १८९७ सालीं प्लिमथच्या आरमारी गोदीसाठीं हे गोटे समुद्रांतून उपसूं लागले. समुद्र नवे आणील, असें सांगण्यांत आलें. त्यानें आणले नाहींत! तो सांठा प्राचीन काळचा; त्यास नवी भर नव्हती. कोळ्यांनीं तक्रारी केल्या, १९०२ सालीं उपसा थांबला. पण तोंवर सुमारें साडेसहा लक्ष टन माल गेला होता. मग भिंती बांधल्या. आमच्या मतें खरी भिंत आधींच गोदींत गेली होती. २६ जानेवारी १९१७ च्या वादळांत खेडें कोसळलें. माणसें वांचलीं; राहण्याजोगें घर मात्र एकच उरलें.