चढाई ३० सेकंदांची, गुडघा आयुष्यभराचा

आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय. घोडेगावकडच्या एका पोरानं विचारलंय, "सर, परवा सरावात गुडघा मुरगळला, सुजलाय. रविवारी यात्रेची फायनल आहे. पट्टी बांधून खेळू का?"

त्याला मी लगेच उत्तर दिलं. पण जुन्नर-आंबेगावात दर यात्रेला असे दहा-वीस गुडघे असतात, म्हणून सगळ्यांसाठीच बोलतो. दोन खेळाडूंची कारकीर्द सांगतो, एक आपल्या शेजारचा आणि एक अमेरिकेतला.

शेजारचा म्हणजे अस्लम इनामदार. आळेफाट्यावरून पुढं गेलं की लागतो त्या नगर जिल्ह्यातला पोरगा. प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात तो पुणेरी पलटणकडून चढाईला आला आणि लोकांनी नाव लक्षात ठेवलं. नवव्या हंगामात पलटण पहिल्यांदा फायनलला पोचली. १७ डिसेंबर २०२२, मुंबई, समोर जयपूर. आणि त्या दिवशी अस्लम मॅटवर नव्हता. दुखापत. मोहित गोयतही नव्हता, त्यालाही दुखापत. दोन मुख्य चढाईपटू बाहेर, आणि पलटण २९-३३ अशी हरली. चार गुणांनी!

आता इथं आपल्या गावात काय झालं असतं सांगा. "अरे, फायनल आहे, इंजेक्शन मार आणि उतर." झालं असतं की नाही? तो उतरला नाही. मग पुढचं वर्ष बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं इराणला ३३-२९ हरवून सुवर्ण घेतलं, त्या संघात अस्लम होता. महाराष्ट्राचा आकाश शिंदेही होता. दहाव्या हंगामात अस्लम पलटणचा कर्णधार झाला. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, फक्त दोन हरले. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ हरवून पलटणनं पहिलं विजेतेपद घेतलं. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम.

त्या फायनलमध्ये सामना फिरवला तो पंकज मोहितेनं, एका चढाईत चार गुण आणून. कर्णधारानं एकट्यानं सगळं ओढलं नाही. हे ध्यानात ठेवा, कारण "माझ्याशिवाय टीम हरेल" असं वाटूनच आपली पोरं सुजलेल्या पायानं उतरतात.

पण गोष्ट इथं गोड होत नाही. अकराव्या हंगामात अस्लमचा गुडघा गेला, उरलेला हंगाम बाहेर. त्या वर्षीची फायनल २९ डिसेंबरला आपल्याच बालेवाडीत झाली आणि पुण्याचा संघ तिथं नव्हता. बाराव्या हंगामात तो परत आला, कर्णधार म्हणूनच. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत फायनल, आणि २८-३१ अशी हार. हरला, पण उभा होता ना मॅटवर!

आता अमेरिकेतला. ग्रँट हिल. बास्केटबॉलमध्ये फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला. १९९४ मध्ये डेट्रॉइटनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. लोक म्हणायचे, मायकेल जॉर्डननंतर हाच. २००० च्या एप्रिलमध्ये त्याचा घोटा दुखावला. बाद फेरी तोंडावर होती. तो तसाच खेळला आणि घोटा मोडला. पुढं ऑर्लँडोकडून चार वर्षांत ३२८ सामने खेळता आले असते, तो खेळला ४७. शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया. २००३ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेतलं.

पण माणूस चिवट. नंतर फिनिक्सकडून २००८-०९ च्या हंगामात, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. तरुणपणी एकदाही जमलं नव्हतं ते! २०१३ पर्यंत खेळला. २०१८ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. तरी मधली ती चार वर्षं परत आली नाहीत. आणि त्याच्याकडं जगातले डॉक्टर होते, पोरांनो. तुमच्याकडं काय आहे? हळद-मिठाचा लेप आणि मालिशवाला.

माझंही तेच झालं. बावीस वर्षांचा होतो. यात्रेत सेमीफायनल, कोपरारक्षकानं घोटा धरला, मी वळलो, पाय तिथंच राहिला आणि गुडघ्यात कट् आवाज आला. तिघांनी मालिश केली. पंधरा दिवसांनी परत उतरलो, परत गेला. आज पंगतीत मला मांडी घालता येत नाही. पाहुणे खाली बसतात आणि मला खुर्ची आणून देतात. त्या सेमीफायनलचा स्कोअर मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

तर ऐका. मुरगळल्यावर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. चालताना गुडघा अचानक सुटतोय, अडकतोय असं वाटलं तर खेळ थांबवा. मालिश नको, शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून लावा, पाय उंचावर ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा. लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली, तर परत मैदानात यायला साधारण नऊ महिने लागतात. नऊ महिने म्हणजे एक हंगाम. जबरदस्तीनं उतरलात तर सगळेच हंगाम जातील.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती आहे. पोरगं "खेळतो" म्हणालं तरी तुम्ही "बस" म्हणा. बावीस वर्षांच्या पोराला ते स्वतःहून म्हणता येत नाही. मला तेव्हा कुणी म्हणालं नाही.

त्या घोडेगावच्या पोराचा काल रात्री परत मेसेज आला. लिहिलंय, "सर, मंचरला डॉक्टरला दाखवलं. एमआरआय सांगितलाय. रविवारी बाकावर बसणार." शाब्बास रे. बाकावरून ओरड जोरात. पुढच्या रविवारी भेटू. राम राम.