खाजणातील खार आणि आपले बियाणे

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने भाताच्या बियाण्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु खाजण, मानस, कोरगूट हे शब्द गोमंतकाच्या बोलीत रुजले ते शेतीमुळेच. शेती उठली की शब्दही उठतात. म्हणून शंभर वर्षे पुस्तके जतन करणाऱ्या या वास्तूत बीज जतन करण्याविषयी बोलणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे मला वाटते.

खार पिकाला बाधतो तो दोन प्रकारे. जमिनीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेणे जड जाते. शेत ओले दिसते, पण रोप तहानलेले असते. हा पहिला आघात. दुसरा अधिक सावकाश होतो. मिठातील सोडियम रोपात शिरून पोटॅशियमची जागा अडवतो, पानांची टोके करपतात आणि जुनी पाने आधी वाळतात. भात हे या बाबतीत नाजूक पीक. क्षारता मोजण्याच्या प्रचलित मापाने जमीन सुमारे ३ डेसिसायमनच्या वर गेली की सामान्य भाताचे उत्पन्न घटू लागते, आणि पुढील प्रत्येक एककामागे ते साधारण १२ टक्क्यांनी उतरते. सातू मात्र ८ पर्यंत तग धरतो. शिवाय भाताचे सारे वय सारखे सोशीक नसते. अंकुर फुटताना ते बराच खार सोसते; परंतु कोवळ्या रोपाची अवस्था आणि फुलोरा हे दोन काळ धोक्याचे.

हे शास्त्र आज पुस्तकात आहे. आपल्या पूर्वजांनी ते खाजणात आचरले. खाडीकाठी बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर भरते. बांधाला मानस असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी ती लोटून बाहेर पडते. पावसाच्या पहिल्या सरींनी वरचा खार धुऊन जाऊ द्यायचा आणि मगच भात पेरायचे, म्हणजे कोवळ्या रोपाच्या वाट्याला गोडे पाणी येते. एवढे करूनही जो खार उरतो, तो सोसणारे बियाणे म्हणजे कोरगूट. त्याचे उत्पन्न संकरित भाताइतके नाही. पण जेथे इतर भात उभेच राहत नाही, तेथे ते पदरात काही टाकते. केरळातील पोक्काळी याच जातकुळीचे.

आता या खारात उष्णतेची भर पडते आहे. पावसाने मध्येच ओढ दिली आणि ऊन तापले की जमिनीतील ओलावा वर चढून उडून जातो व खार मागे राहतो. तापलेले रोप अधिक पाणी ओढते, त्याबरोबर क्षारही अधिक ओढते. भाताचे फूल सकाळी उमलते आणि तास-दोन तासांत मिटते. त्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले तर पराग नीट फळत नाहीत आणि लोंबीत पोचट दाणे राहतात. रात्रीची उष्णताही तितकीच घातक. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरील १९७९ ते २००३ या काळातील नोंदींवरून असे दिसले की, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढले की उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते.

आणि बियाण्याचे काय? साठवलेले बी निजलेले असते, मेलेले नसते. उष्णता आणि ओल त्याचे आयुष्य खातात. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की बियांतील ओलावा एका टक्क्याने उतरवला, किंवा साठवणीचे तापमान सुमारे साडेपाच अंशांनी कमी केले, तर बियांचे आयुष्य दुप्पट होते. आपल्या दमट किनाऱ्यावर याचा अर्थ कठोर आहे. बी खडखडीत वाळवून पेंढ्याच्या मुडीत बांधायचे आणि दरवर्षी पेरून नवे करायचे, हाच शेतकऱ्याचा मार्ग होता. दोन-चार हंगाम पेरणी चुकली तर घरातले बियाणे रुजतच नाही. पुस्तक कपाटात पन्नास वर्षे राहते. भाताचे बी शेतकऱ्याच्या घरी तसे राहत नाही.

येथेच खरी चिंता आहे. बांधांची राखण पूर्वी गावकारीकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कूळ संघांकडे आली. ज्या ठिकाणी ही सामुदायिक शिस्त ढिली झाली, बांध फुटले किंवा मासळीच्या लोभाने मानशीतून खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले, तेथे शेत पडीक झाले आणि त्यामागोमाग बियाणेही संपले. सुंदरबनात २००९ साली आयला वादळाने शेतांत खारे पाणी भरले, तेव्हा नव्या वाणांचा टिकाव लागेना आणि जुन्या सोशीक भातांचा शोध सुरू झाला. तोवर बहुतेकांच्या घरातून ते नाहीसे झाले होते.

सुदैवाने आपल्याकडे सारे हरवलेले नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून गोवा धान १ आणि २ हे वाण दिले आहेत. तथापि वाण संस्थेत राहिला तरी खाजण गावातच राहते. बांध आणि मानस धड नसतील, तर कितीही सोशीक बी भरतीपुढे टिकणार नाही.

म्हणून या ग्रंथालयाला माझी एक विनंती आहे. खाजणात राबलेली वडीलधारी माणसे आज हयात आहेत. कोणते भात कोणत्या खाजणात, कोणत्या नक्षत्रावर पेरले जाई, बी कसे वाळवले जाई, मानशीची दारे कोण सांभाळी, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवावे आणि ती वही या कपाटांत मानाने ठेवावी. ज्याच्या घरी मूठभर कोरगूट उरले असेल, त्याने ते येत्या पावसात पेरावे.