मौनाच्या माहेरी

मी आंजीचा. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या मोठ्या आंजीचा. आमच्या गावाला सेवाग्राम परकं नाही. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्य केंद्र आंजीतच आहे आणि कुणाचं दुखणं वाढलं, की घरातलं वडीलधारं माणूस एवढंच म्हणतं, "सेवाग्रामला न्या." आज मात्र मी दवाखान्याबद्दल बोलणार नाही. सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत दोन मिनिटांची शांतता पाळतात. तिच्याबद्दल बोलायचं आहे, आणि असं मौन हेच जिचं माहेर होतं, अशा एका शिक्षिकेबद्दल.

मार्जोरी साइक्स यांचा जन्म 1905 सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. केंब्रिजला शिकून त्या 1928 साली मद्रासला मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या. घरचा धर्म ख्रिस्ती होताच; पण मन टेकलं ते मद्रासमध्ये, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत.

ही सभा कशी असते? साधी खोली, बसायला बाक किंवा खुर्च्या. वेदी नाही, मूर्ती नाही, पुरोहित नाही, ठरलेला मंत्र नाही. माणसं येतात आणि गप्प बसतात. साधारण तासभर. आतून अगदीच राहवलं नाही तर कुणीही उठावं, चार वाक्यं बोलावीत आणि खाली बसावं. बाई असो, पुरुष असो, म्हातारं असो की पोर. त्यावर वाद नाही, टाळ्या नाहीत. पुन्हा शांतता. शेवटी शेजारच्याचा हात हातात घेतला की सभा संपली. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांनी सांगितलं, की देवाचा अंश प्रत्येक माणसात आहे, मध्यस्थ लागत नाही. एवढ्यासाठी हजारो क्वेकरांनी तुरुंग भोगले. ज्याच्यात देव आहे त्याच्यावर शस्त्र कसं उगारायचं आणि त्याला गुलाम म्हणून विकायचं तरी कसं? युद्धाला आणि गुलामगिरीला त्यांचा विरोध इथूनच आला. त्यांच्या कामकाजात मतदानही नसतं. सगळ्यांचं मन एका ठिकाणी येईपर्यंत थांबायचं. विनोबांच्या सर्वोदयी मंडळींनीही सर्वसंमतीचाच आग्रह धरला, हे त्यांच्या पवनार आश्रमाच्या शेजारी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

शांतिनिकेतनात काही वर्षं काढून साइक्स 1949 मध्ये सेवाग्रामला आल्या. आर्यनायकम् आणि आशादेवी यांच्या हिंदुस्थानी तालीमी संघात नई तालीमचे शिक्षक घडवायचं काम त्यांनी घेतलं आणि दहाएक वर्षं तिथेच राहिल्या. नई तालीमची शाळा म्हणजे झाडू, चरखा, शेत, स्वयंपाकघर आणि त्यातूनच गणित, विज्ञान, भाषा. संडास-सफाई हासुद्धा अभ्यासक्रमच. मला यात क्वेकरांची वृत्ती स्पष्ट दिसते. मौनात जे उमगलं ते हातांनी करून दाखवायचं. नाहीतर बसून उठण्याला अर्थ काय?

साइक्स आल्या त्याच वर्षी, 1949 च्या डिसेंबरात, सेवाग्रामला जागतिक शांततावाद्यांची परिषद भरली. तिची आखणी गांधीजींच्या हयातीतच सुरू झाली होती; त्यांच्या हत्येमुळे ती लांबली. गांधीजींचे जुने क्वेकर स्नेही होरेस अलेक्झांडर तिच्या उभारणीत होते. दूरदूरच्या देशांतली माणसं वर्ध्याच्या मातीत आली आणि आश्रमाच्या प्रार्थनाभूमीवर बसली.

ती भूमी म्हणजे उघडं अंगण. वर आभाळ, बाजूला गांधीजींनी लावलेला पिंपळ. प्रार्थना सुरू होते ती जपानी बौद्ध मंत्राने. आश्रमात राहणाऱ्या एका जपानी भिक्षूंनी तो आणला. जपान महायुद्धात उतरल्यावर पोलिसांनी त्यांना नेलं. गांधीजींनी मंत्र मात्र प्रार्थनेत ठेवला. मग ती दोन मिनिटं. मग उपनिषद, एकादश व्रतं, कुराण, अवेस्ता, भजन, धून. इथे साइक्स यांना क्वेकरपण सोडावं लागलं नाही, आणि त्यांनीही कुणाला ख्रिस्ती करायचा उद्योग केला नाही. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. पुढे त्या निलगिरीत कोटागिरीला, मग होशंगाबादजवळ रसुलियाच्या क्वेकर केंद्रात राहिल्या. 1995 मध्ये त्या गेल्या.

आमच्या घरी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. मंडळाचे संस्थापक तुकडोजी महाराज स्वतः 1936 साली सेवाग्रामला गांधीजींजवळ राहून आले होते. मोझरीला त्यांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. टाळ थांबतो, खंजिरी थांबते, पोरंसुद्धा आईचा पदर धरून उगी राहतात. ज्याने ते अनुभवलं आहे त्याला क्वेकर समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच सेवाग्रामच्या त्या अंगणात मी बसतो तेव्हा मला पाहुण्यासारखं वाटत नाही. मी क्वेकर नाही, होणारही नाही. पण माझ्या मनाला घर म्हणून जे लागतं ते मला त्या शांततेत मिळतं.

आपल्यापैकी पुष्कळजण सेवाग्रामला जातात ते पेशंट घेऊन, नाहीतर शाळेच्या सहलीबरोबर. बापूकुटी बघतात आणि बस पकडतात. पुढच्या वेळी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबा. तिथे तुमचं नाव, जात, धर्म कुणी विचारत नाही; चपला बाजूला काढून जागा दिसेल तिथे बसायचं, एवढंच.