पडद्यावरची नऊवारी का फाटते?

आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आजचा विषय आहे कॉम्प्युटरवरच्या खेळांतली माणसं, आणि ती बनवताना राहिलेले दोष कसे काढायचे. काहीजणी म्हणतील, हे आमच्या कामाचं नाही. पण जिला शिवणकाम येतं, तिला हे पटकन कळेल.

आमच्या शेजारचं उल्हासनगर जीन्स शिवण्यासाठी प्रसिद्ध. धागे कापायचं काम तिथे घरोघरी चालतं. कापडाची सुलट-उलट बाजू आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही. खेळातलं पात्रही बेतून शिवल्यासारखंच असतं. लहान लहान तिकोनी-चौकोनी तुकडे जोडून शरीर करतात, त्यावर रंगीत चित्र चढवतात, आत हाडांचा सांगाडा बसवतात. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर हे सगळं होतं आणि ते फुकट मिळतं. काही खेळांत असं घरी केलेलं पात्र घालताही येतं.

समजा, मुलीनं नऊवारीतली बाई बनवली आणि खेळात घातली. पाठीला भोक दिसलं, आरपार. तिथला तुकडा बहुधा गेलेला नसतो, उलटा लागलेला असतो. काम वाचावं म्हणून खेळ बहुतेक वेळा तुकड्याची सुलट बाजूच दाखवतो. ब्लेंडरमध्ये 'फेस ओरिएंटेशन' चालू केलं की उलटे तुकडे लाल दिसतात. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबलं की बहुतेक सुलट होतात. राहिलेले हातानं उलटायचे.

पदर लुकलुकतोय? मग पदर आणि चोळी अगदी एकाच जागी आलेत. पुढे कोण, मागे कोण, हे कॉम्प्युटरला ठरवता येत नाही. पदर केसभर वर उचलायचा. चुकून एकावर एक दोन पदर झाले असतील, तर एक काढून टाकायचा.

काठ ताणलेला दिसतो, तेव्हा बेतणं चुकलेलं असतं. शरीर उलगडून सपाट करताना शिवण कुठे घ्यायची, हे मुलीला ठरवावं लागतं. ती काखेत किंवा आतल्या बाजूला घ्यावी, म्हणजे दिसत नाही. आधी चौकटीचं चित्र चढवून बघावं. चौकटी सगळीकडे सारख्या आल्या, तर बेत बरोबर.

सगळ्यात चिवट दोष चालताना दिसतो. गुडघा साडीतून बाहेर येतो. कोणता भाग कोणत्या हाडाबरोबर किती हलणार, याचं प्रमाण ठरवलेलं असतं. पायाचं आणि साडीचं प्रमाण जुळलं नाही की असं होतं. पायाचं प्रमाण साडीला द्यायचं, आणि साडीखाली झाकलेला पायाचा भाग काढून टाकायचा. नऊवारीत कासोटा दोन पायांच्या मधून जातो. तिथलं कापड डाव्या-उजव्या पायात नीट वाटून द्यावं लागतं. कासोटा कसा बसतो, हे नेसणाऱ्या बाईइतकं कोण सांगणार? मुलीशेजारी बसून ते सांगायला इंग्रजी लागत नाही.

आणि अख्खी साडी भडक गुलाबी झाली, तर बहुधा चित्राची फाईल जागेवरून हललेली असते. ती परत जोडायची. एका वेळी एकच बदल करावा, आणि आधीची प्रत जपून ठेवावी.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' नावाचा खेळ आणला. त्यातली मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधते. असं काम आपल्या महाराष्ट्रात होतं. पण घरात मुलगा कॉम्प्युटरवर बसला तर तो शिकतोय, आणि मुलगी बसली तर ती खेळतेय, असं आपणच म्हणतो. तिला भांडी घासायला उठवतो.

लगेच पैसे येतील, असं आम्ही सांगणार नाही. काम देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पण गटात एक कॉम्प्युटर पाळीपाळीनं वापरता येतो. मुलींचे दोन तास ठरवता येतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : पोरी, काय बनवलंस, दाखव बघू.