मनोरुग्ण आणि न्यायासन
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी आम्ही मनोविकार आणि तुरुंग यांविषयी बोलावे, हे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या दुःखाबद्दल आपण घरात कुजबुजतो, त्याचा निवाडा पुढे भर कोर्टात होतो. म्हणून हे धाडस.

आसामातील मचांग लालुंग यास १९५१ साली पकडून तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ साली तो बरा असल्याचा दाखला मिळाला; पण तो घरी न जाता गुवाहाटीच्या तुरुंगात गेला. खटला कधी चाललाच नाही. २००५ साली, ५४ वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला. इतकी वर्षे त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते!

कायदा निर्दय आहे काय? तसे नव्हे. मनोविकारामुळे आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा त्यातील गैरपणा ज्यास कळत नव्हता, तो अपराधी नव्हे, हे तत्त्व १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे निराधार फिरणाऱ्या मनोरुग्णास पोलिसांनी कोठडीत न ठेवता २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावयाचे असते.

परंतु घटनेच्या वेळी बुद्धी ठिकाणावर नव्हती, हे दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. न्यायाधीश आधीच्या उपचारांचे कागद पाहतात, आणि तेथेच आपण उघडे पडतो. आमच्याकडे एक वृद्ध पिता आले होते. मुलावर सात वर्षे उपचार चालू होते; पण परगावी, आणि दुसऱ्याच नावाने! धाकटीचे लग्न अडू नये म्हणून. ते कागद आम्ही कोर्टापुढे कोणत्या तोंडाने ठेवावयाचे?

म्हणून आमची विनंती एवढीच. उपचार खऱ्या नावाने करावेत, कागद जपून ठेवावेत. अटक झाल्यास पहिल्याच दिवशी मॅजिस्ट्रेटांस आजाराची कल्पना द्यावी. आरोपी आपला बचाव करण्यास असमर्थ ठरल्यास खटला थांबविता येतो. ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. आणि सोयरीक जुळविताना एखाद्या घरातील आजाराची वार्ता कानी आली, तर ते दार आपण बंद करू नये. आपल्या या भयापायीच त्या पित्याने मुलाचे नाव बदलले होते.