मुक्या जीवांचे दुखणे आणि आपली जीवदया
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. पशुवैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. तरीही आजच्या मंगल प्रसंगी प्राण्यांचे दात व त्यांच्यावरील शस्त्रक्रिया हा विषय मी बोलण्यासाठी निवडला आहे. लोहा तालुक्याला तो परका नाही. माळेगावच्या यात्रेत बैलाचे तोंड उघडून पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, ही भाषा आपल्या लाल कंधारी जनावरांच्या बाजारात लहान मुलालाही कळते. मात्र तेथे दात पाहिला जातो तो वय आणि किंमत ठरविण्यासाठी. त्या दातात दुःख आहे काय, हे पाहण्याची रीत नाही.

मुका जीव आपले दुखणे सांगत नाही. बहुधा तो ते लपवितो. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू वर सरकत आणि झिजत राहतात. झीज विषम झाली की दाढांना धार येते; वरच्या दाढा गालाला आणि खालच्या जिभेला कापतात. घोडा अर्धवट चावलेला घास टाकतो आणि वाळत जातो. मालक खुराक वाढवितो. पण खरा उपाय म्हणजे जाणत्या पशुवैद्याने कानशीने ती धार घासून काढणे. म्हाताऱ्या गाईचेही तसेच. दात झिजलेल्या गाईपुढे आपण कडब्याच्या कितीही पेंढ्या टाकल्या, तरी ती चाऱ्यासमोर उपाशी राहते. तिला हवी असते बारीक कुट्टी आणि मऊ हिरवा चारा.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत तर दात हेच जीवन. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ मनुष्यबळी नोंदले गेले. तिचे उजवीकडचे वरचा आणि खालचा हे दोन्ही सुळे बंदुकीच्या जुन्या जखमेने तुटलेले होते. त्यामुळेच नैसर्गिक शिकार तिला अशक्य झाली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. एका दाताच्या दुखण्याची किंमत माणसालाही मोजावी लागते, ती अशी. आज पिंजऱ्यात अडकलेले बिबटे सुटकेच्या धडपडीत लोखंडी गज चावतात आणि सुळे मोडून घेतात. सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या भागाहून मोठे असते. तो उपटला तर जबडा दुबळा होतो. म्हणून प्राण्याला भूल देऊन, माणसाप्रमाणेच दाताची नस काढून सुळा वाचविण्याची शस्त्रक्रिया विकसित झाली आहे.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगतो. एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात सापडलेल्या 'साहेबराव' नावाच्या वाघाने पुढच्या पायाचा पंजा गमावला. पुढे नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तो लंगडत, वेदना सोशीत जगत होता. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी त्याला दत्तक घेतले. २०१९ मध्ये तुटलेल्या नसेच्या टोकाशी झालेली दुखरी गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. जानेवारी २०२० मध्ये त्याला कृत्रिम पंजाही बसविण्यात आला. परंतु शुद्धीवर येताच वाघाने तो झटकून टाकला. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती पंजाची. माझ्या मते मोठे काम पहिले होते. वाघाला पंजा हवा, ही आपली इच्छा. वेदना नको, ही त्याची गरज.

बंधूंनो, दान देताना आपणही हा भेद ओळखावा. मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या औदार्यातून परळ येथे त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले. १८८६ साली तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कापडाच्या धंद्यातून आलेल्या त्या पैशाने केवळ गोठा बांधला नाही, तर डॉक्टर घडविले. आपल्याही जवळ परभणीचे महाविद्यालय १९७२ पासून आणि उदगीरचे १९८७ पासून आहे. दोन्हीकडे पशुशल्यचिकित्सा शिकविली जाते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग चाऱ्याबरोबरच उपचारासाठी राखून ठेवावा. माळेगाव यात्रेच्या दिवसांत तज्ज्ञांना पाचारण करून जनावरांच्या तोंडाची विनामूल्य तपासणी करावी. म्हाताऱ्या गाईंसाठी कुट्टीयंत्र घ्यावे. गरीब मालकाच्या जनावरावर शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्याला वाहनखर्च द्यावा. या कामावर दात्याच्या नावाची पाटी लावता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आपण किती पेंढ्या दिल्या, यापेक्षा किती जीवांना त्या सुखाने चावता आल्या, हाच जीवदयेचा खरा ताळेबंद होय.