‘मी काय करू?’ असं विचारणारी मुलगी



माल्कम एक्स म्हटलं की आपल्याला १९६४चा हज आठवतो. गोऱ्या मुसलमानांसोबत ते एका ताटात जेवले, हेही आपण अभिमानाने सांगतो. मला आज त्याआधीची गोष्ट सांगायची आहे. त्यांचं भाषण ऐकून एक गोरी कॉलेजची मुलगी न्यूयॉर्कला त्यांना शोधत आली. मी काय करू शकते, असं तिने विचारलं. काहीच नाही, असं ते म्हणाले. ती रडत निघून गेली.

या उत्तराचा त्यांना पुढे पस्तावा झाला. आत्मचरित्रात त्यांनी वेगळं उत्तर दिलं : प्रामाणिक गोऱ्यांनी आपल्याच गोऱ्या समाजात काम करावं, कारण वंशद्वेष राहतो तिथे.

आता हे कसं करायचं? आमच्या आयटीत यावर ऑनलाइन ट्रेनिंग असतं. शेवटी टिक करायची, झालं! ॲन ब्रेडन यांचा रस्ता लांबचा होता. अलाबामात वाढलेली ही गोरी बाई बर्मिंगहॅममध्ये कोर्टाच्या बातम्या करायची. एका सकाळी नाश्ता करताना मित्राने विचारलं, काही विशेष? त्या म्हणाल्या, नाही, फक्त एका काळ्याचा खून. कॉफी ओतणाऱ्या काळ्या वेट्रेसचा हात थरथरला. मला तसं म्हणायचं नव्हतं, असं तिला सांगावंसं ॲनना वाटलं. मग लक्षात आलं, म्हणायचं तसंच होतं. त्यांच्या लेखी ती बातमीच नव्हती.

मला ही कबुली माफीपेक्षा मोठी वाटते. बिलाल यांचं नाव घेऊन समतेवर बोलणारे आपण लग्न जमवताना बिरादरी विचारतो, तेव्हा आपलाही एक ‘फक्त’ असतोच.

१९५४मध्ये ॲन आणि त्यांचे पती कार्ल यांनी लुइव्हिलजवळच्या गोऱ्या वस्तीत स्वतःच्या नावावर घर घेतलं आणि अँड्र्यू वेड या काळ्या इलेक्ट्रिशियनच्या कुटुंबाला दिलं. जूनमध्ये ते डायनामाइटने उडवलं. घरातले वाचले. स्फोट करणाऱ्यांवर खटला झाला नाही. उलट कार्लना राजद्रोहासाठी १५ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे रद्द झाली, पण काही महिने तुरुंगात गेलेच. वेड कुटुंब त्या घरात परत राहायला आलं नाही.

ॲन मात्र २००६मध्ये वारेपर्यंत दक्षिणेतल्या गोऱ्यांशी बोलत राहिल्या.